माझ्या वजनाची वाळू

आमच्या घरी पुरुषांची जेवणं उठली की माय, काकू आणि मी एकाच पितळी परातीभोवती बसायचो. परातीत भाताचा ढीग, मधोमध खळगा करून त्यात लाखोरीच्या डाळीचं वरण, कडेला वाळलेल्या झिंग्यांची चटणी, नाहीतर तळ्यातून आणलेल्या कमळाच्या देठांची भाजी. भात आमच्याच बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, घरच्या उखळात कांडलेला, त्यामुळे थोडा लालसर आणि चावताना गोड लागणारा. माझा हात परातीत कुठवर जावा आणि मायचा कुठवर, याची हद्द कोणी आखलेली नव्हती. मायचा हात आपल्या बाजूचा भात माझ्याकडे सारत राही, तोंडाने ती काकूशी कोणाच्या म्हशीबद्दल बोलत असे, आणि ढीग संपला की जेवण संपलं. मी किती जेवले हे मला कधी कळलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. स्वतःचं असं ताट मला नव्हतं, आणि ते नाही, हेही मला ठाऊक नव्हतं.

आम्ही कोहळी, तळी बांधणारी जात. गोरेगावच्या पलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या डोक्याशी तळं. पणजोबांच्या हातची त्याची पाळ होती असं बाबा सांगत, आणि पाहुणा आला की त्याला आधी पाळीवर फिरवून आणत, मग पाणी देत. माय त्यावरून त्यांची फार थट्टा करायची. तळ्याच्या तोंडाला आमच्याकडे तुडुम म्हणतात. धान पोटरीवर आलं की ते उघडायचं, आणि मग कितीतरी दिवस बांध्यांकडे जाणाऱ्या पाण्याचा आवाज घरात येत राहायचा, चुलीपाशी, गोठ्यात, अंथरुणात. तो आवाज मी पुढे फार ठिकाणी शोधला. नळ उघडा राहिला म्हणून सून ओरडते, तेव्हा मी कधीकधी उगाच उशिरा उठते.

गोंदियाला मिशनची शाळा होती, मुलींसाठी, सिस्टर लोकांनी चालवलेली, मॅट्रिकपर्यंत. तिच्या मागची बोडी, म्हणजे लहानसं तळं, पावसाळ्यात फुटायची आणि उन्हाळ्यात कोरडी पडायची, म्हणून फादरांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबांनी माणसं लावून पाळ नीट करून दिली. काम बघायला म्हणून एकदा मीही त्यांच्यासोबत गेले होते, आणि व्हरांड्यात बसलेल्या मुलींच्या पाटीवरचं मोठ्याने वाचून दाखवलं होतं. फादर बाबांना म्हणाले, ही मुलगी आम्हाला शिकायला द्या. बाबांना पाळीचं कौतुक झाल्याचा आनंद इतका झाला होता की त्यांनी त्याच भरात 'दिली' म्हणून टाकलं. घरी आल्यावर माय दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिला तो शब्द लागला होता. "शिकवाले पाठवाचं त पाठवा," ती शेवटी म्हणाली, "पन देली कायले मनता? गाय हाय का ते?" त्या वेळी सालेकशाकडच्या एका घरातून माझ्यासाठी विचारणा आली होती, मुलगा बराच मोठा होता, पण शेती चांगली होती. काकूला ते स्थळ फार आवडलं होतं. बाबांनी थांबा म्हटलं, आणि मला रेंगीत घातलं. रेंगी म्हणजे बैलांची हलकी गाडी. तिच्या चाकांचा आवाज गोंदियाच्या सडकेवर बदलतो, तिथपर्यंत मी आनंदात होते.

बोर्डिंगात सगळं वेळेवर होई. पहाटे प्रार्थनाघराची घंटा, मग भातगिरणीचा भोंगा, मग छोट्या लाईनच्या गाडीची बारीक शिटी. मुली बहुतेक हिंदी बोलत, कोणी पोवारी, कोणी छत्तीसगढी, आणि मी तोंड उघडलं की सगळ्या हसत. त्यात वाईट असं काही नव्हतं, आठवडाभरात मीही नव्या मुलींना हसू लागले. वाईट होतं ते जेवण. म्हणजे अन्न वाईट नव्हतं. गिरणीचा पांढरा भात, अरहरची म्हणजे तुरीची डाळ, एखादी भाजी, रविवारी गूळ. पण ते माझ्यापुढे एका जस्ताच्या ताटलीत येई, ती ताटली माझी एकटीची असे, आणि तिच्याकडे कोणाचाच हात येत नसे. मी दोनचार घास खायची आणि थांबायची. भूक लागलेली असायची, पण पुढचा घास कोणीतरी माझ्याकडे सारेल म्हणून मी वाट बघत राहायची, आणि तेवढ्यात ताटल्या उचलायची घंटा व्हायची. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असंच वाटलं नव्हतं. कोणी विचारलं तर मी सगळ्यांसारखं "ठीक हूँ" म्हणायची.

सिस्टर मार्था बोर्डिंगच्या दवाखान्याची सिस्टर. कुठल्याशा थंड मुलखातून आलेली, उंच, लाल हातांची, अंगाला सदा कार्बोलिकचा वास. तिचं हिंदी तिने स्वतःच बनवलेलं होतं. पुल्लिंग स्त्रीलिंग असली भानगड तिने त्यात ठेवलीच नव्हती. ती लाडीक मुळीच नव्हती. ताप आलेल्या मुलीच्या कपाळावर ती हात ठेवायची तो दार लोटल्यासारखा. पण कोणाच्या डोक्यात उवा आहेत, कोणाच्या पायाला खडा रुतलाय, कोणाला भेटायला आलेला काका खरंच काका आहे की नाही, हे सगळं ती स्वतः बघायची. मुलीला न्यायला कोणी आलं की ती आधी त्या माणसाला व्हरांड्यात बसवायची आणि मुलीला आत घेऊन विचारायची, "कौन है? जाना है?" मुलीने आपल्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. एका मुलीने नाही म्हटलं, तर तिचा सख्खा चुलता दिवसभर बसून परत गेला होता.

तोलण्याची पद्धतही तिचीच. भातगिरणीच्या शेठकडून तिने एक जुना मोठा तराजू मागून आणला होता, साखळ्यांचा, लाकडी पारड्यांचा. तो व्हरांड्याच्या तुळईला टांगलेला असे. नवी मुलगी आली की तिला एका पारड्यात मांडी घालून बसवायचं, दुसऱ्या पारड्यात गोणपाटाचं पोतं ठेवायचं, आणि पारडी बरोबर येईपर्यंत त्या पोत्यात वाळू भरायची. मग पोत्याचं तोंड शिवून वर डांबराने मुलीचं नाव घालायचं. पुढच्या महिन्यात मुलगी परत पारड्यात, समोर तिचंच पोतं. मुलगी खाली गेली, तर सिस्टर नुसतं "जाओ" म्हणायची. पोतं खाली गेलं, तर मुलीला दवाखान्यात बोलावणं यायचं. आम्हाला त्यात मजा वाटे. पारड्यात झुलायला मिळे, आणि जाड्या मुलींना चिडवायला मिळे. आता माझ्या मुलीच्या न्हाणीघरात काचेचा काटा आहे. नात त्याच्यावर उभी राहते आणि कमी भरलं की खुशीत बाहेर येते. सिस्टर मार्था असती तर तिने तिला कान धरून दवाखान्यात नेलं असतं.

ही पोती ठेवायला कोरडी जागा एकच होती, प्रार्थनाघराची ओसरी. तिथे भिंतीतल्या कोनाड्यात मरियमचा पुतळा होता, निळा पदर, कडेवर बाळ. त्याच्या पायाशी आमच्या नावांची पोती ओळीने उभी असत. त्यात काही वावगं आहे असं सिस्टरला वाटायचं कारण नव्हतं, आणि मला तर मुळीच वाटलं नव्हतं. सिंगाडे विकायला फाटकाशी बसणाऱ्या शेवंताला मात्र वाटलं. शेवंता आमच्याच गावची. एका तोलण्याच्या दिवशी तिने फाटकातून सगळं पाहिलं. मी पारड्यात बसलेली, समोर पोतं, पोतं खाली गेलेलं, आणि मग ते पोतं उचलून देवीपुढे ठेवलेलं. टोपली तशीच उचलून ती गावी गेली आणि थेट आमच्या दारात उभी राहिली.

नवसाने तोलणं आमच्याकडे सगळ्यांना माहीत. लेकरू दुखण्यातून उठावं म्हणून देवाला बोलायचं, उठलं की त्याला देवापुढे गुळाने नाहीतर नारळांनी तोलायचं, आणि तो भार देवाला द्यायचा. मीही लहानपणी अशीच तोललेली, नागऱ्याच्या महादेवापुढे, गुळाने. तेव्हा मिशनवाल्यांनी माझ्या नावाचा भार काढून आपल्या देवीच्या पायाशी ठेवला, याचा अर्थ मायला दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. बाबा त्या वेळी दुसऱ्या गावच्या तळ्यावर होते. मायने त्यांची वाट पाहिली नाही. गडी रेंगी जोडतो तोवर तिने सुवाऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या पुऱ्या, तळून फडक्यात बांधल्या, आणि ती निघाली.

मी वर्गात होते. खिडकीतून मला आधी आमचा पांढरा बैल दिसला, त्याच्या कपाळावरचा ठिपका दिसला, आणि मग माय. मी परवानगी न मागता धावले. तिने मला धरलं, पाठीवरून, दंडावरून हात फिरवला, आणि माझा हात धरून ओसरीकडे चालू लागली. जणू शेवंताने तिला वाट आखून दिली होती. माझ्या नावाचं पोतं तिने कसं ओळखलं, तिला तर वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, "तुहं कोनतं?" आणि मी दाखवलं. तेवढ्यात सिस्टर मार्था आली.

"कायले तोलली माह्या पोरीले?" मायने तिला विचारलं. "कोन बोललं होतं नवस? मी इले नागऱ्याच्या महादेवाले तोलली हाय. एका लेकराले दोन देव कसे तोलतीन?" सिस्टरला यातलं एक अक्षर कळलं नाही. ती माझ्याकडे वळली. "क्या बोलता है माँ?" मी सांगितलं. म्हणजे शब्द सांगितले. सिस्टरने कपाळाला आठ्या घातल्या, थोडा वेळ पोत्यांकडे, मग पुतळ्याकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा आणखी लाल झाला. "नहीं, नहीं. माँ को बोलो. भगवान के लिए नहीं. मेरे लिए. तुम आया, इतना था. अब इतना नहीं है. मुझे मालूम होना चाहिए."

हे मायला सांगायचं माझ्याकडे आलं. तिथे दुसरं कोणी नव्हतं की ज्याला दोन्ही भाषा येतील. रेंगी फाटकाशी उभी होती. बैल सोडलेलेही नव्हते. मी नुसती गप्प उभी राहिले असते, तरी संध्याकाळच्या आत मी आमच्या चुलीपाशी बसले असते. इतके दिवस रोज मी एवढंच मागत होते, झोपताना, प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटून, हिंदीतल्या धड्यांवर बोट ठेवून. मला घरी जायचं होतं. मी बोलले नाही. मायने माझ्या गप्प राहण्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं आणि ती ओसरीवर चढली. पोत्यांपुढे खाली बसली. दंडातली चांदीची वाकी काढायला लागली. ती तिच्या लग्नातली, कित्येक वर्षांत निघालेली नव्हती, कातडीला रुतलेली. थुंकी लावून तिने ती ओढली, काढली आणि मरियमच्या पायाशी ठेवली. "तुह्या बी कडेवर लेकरू हाय, बाई," ती पुतळ्याला म्हणाली, अगदी शेजारणीशी बोलावं तशी. "माहं मले दे. हे घे, अना माहं मले वापस दे."

मला ते सहन झालं नाही. मी तिच्या गळ्यात पडले आणि सगळं सांगून टाकलं. नवस नाही, देवाला दिलेलं नाही, वाळू आहे नुसती. मी आले तेव्हा एवढी होते, आता तेवढी नाही. ही सिस्टर सगळ्या मुलींना बघते, कोण वाळत चाललंय ते तिला कळावं म्हणून. माय ऐकत राहिली. मग तिने उठून ते पोतं दोन्ही हातांनी उचललं, कडेवर घेतलं, खाली ठेवलं. मग मला उचललं. मी उचलून घेण्याच्या वयाची राहिले नव्हते, मुली वर्गाच्या दारातून बघत होत्या, पण तिने मला उचललं आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली. "कमी झालीस," ती म्हणाली. "काऊन? खात नाहीस?" मी सांगितलं की ताटली एकटीची असते. तिला लगेच समजलं. सिस्टरला समजावून द्यायला मला बराच वेळ लागला, आणि समजल्यावर ती मान हलवत राहिली.

मग सिस्टरने नेहमीचा प्रश्न विचारला. मला बाजूला घेऊन नाही, मायसमोरच. "जाना है? माँ के साथ जाना है तो जाओ. मैं नहीं रोकेगा." आणि मला म्हणाली, ये माँ को भी बोलो. मी मायला सांगितलं की सिस्टर म्हणते, न्यायचं असेल तर न्या. मला स्वतःला काय हवंय ते मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. मी मायच्या पदराचं टोक धरून उभी होते, त्यात उत्तर होतंच.

सगुणाबद्दल मी या पुस्तकात अजून लिहिलेलं नाही. घरातही तिचं नाव कोणी घेत नसे. ती माझी थोरली बहीण. माझ्याएवढी असतानाच तिचं लग्न झालं, चांगल्या घरी, भरल्या बांध्यांच्या. पहिल्या दिवाळीला आली तेव्हा हसत होती. दुसऱ्या दिवाळीला आली आणि परत गेली, त्यानंतर ती वारल्याचा निरोपच आला. ती का वाळली, काय झालं होतं तिला, हे कोणाला कधीच कळलं नाही, कारण ती विचारलं की बरं आहे म्हणायची. मायने त्या दिवशी, माझ्या समोर पहिल्यांदा, तिचं नाव घेतलं. "सगुणी आली होती दिवाळीले," ती म्हणाली, माझ्याशी की सिस्टरशी ते कळलं नाही. "मी पोटाशी धरली तिले. हाताले हाडं लागली. मनलं, सासरी काम रायते, होते असं. कोनी तोललं नाही माह्या सगुणीले. मी बी नाही." तिचा आवाज चढला नाही. ती पोत्यावरचं माझं नाव बोटाने पुसल्यासारखं करत होती, पण डांबर पुसलं जात नव्हतं. मग तिने माझ्या मुठीतून पदर सोडवून घेतला. "तू राय," ती म्हणाली. "हे बाई तोलते. तू अठीच राय."

सिस्टरने वाकी उचलून तिच्या हातात दिली. माय ती परत चढवू शकली नाही, दंड सुजला होता. आम्ही दोघी रेंगीच्या सावलीत बसलो आणि फडक्यातल्या सुवाऱ्या खाल्ल्या. ती माझ्याकडे सारत राहिली आणि मी खात राहिले. निघताना ती सिस्टरला म्हणाली, "कमी झाली त मले बलावजा. कवाबी. मी येईन." सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते हिंदीत करून सांगितलं. सिस्टरने छातीवर हात ठेवून होकार दिला. गाडी वळली, माय मागे बघत होती की नाही ते टपामुळे दिसलं नाही, आणि चाकांचा आवाज स्टेशनकडच्या गोंगाटात गेला. सालेकशाच्या स्थळाला तिने घरी पोचताच नकार कळवला, आणि बाबांनाही ते नंतरच सांगितलं.

मी त्या शाळेतून मॅट्रिक झाले, पुढे शिकवलं, लेकरंबाळं झाली, सगळं झालं. पण घर माझं सुटलं ते त्या दुपारी. नंतर मी तिथे सुट्टीला जायची, पाहुणीसारखी. आणि त्या दिवसापासून मी माझी ताटली स्वच्छ करायला लागले. मुली म्हणत, मंजुळाला आता भूक लागते. भूक नव्हती लागत. समोर रोज पांढरा भात असायचा, आणि मला माहीत असायचं की थोडं उरवलं, रोज थोडंथोडं उरवलं, तर पुढच्या महिन्यात पोतं खाली जाईल, सिस्टर निरोप धाडेल, आणि माय असेल तशी धावत येईल. मला ती फार हवी होती. शाळेत होते तोवर एकही दिवस असा गेला नाही की हवी नव्हती. आणि रोज मी शेवटचा घास खाल्ला.